तेलही गेलं, तूपही गेलं

दिवाळीचा फराळ संपत आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. पावसाळ्यात गजकर्ण आणि चिखल्या, मे महिन्यात घामोळं, आणि आता थंडीची चाहूल लागली की खाज, भेगा, ओढलेला चेहरा. यंदाच्या ढिगातून सात पत्रं काढली. काढून झाल्यावर लक्षात आलं, सगळी एकाच गोष्टीभोवती फिरतायत, अंगच्या तेलाभोवती. त्यामुळे पहिलं उत्तर जरा लांबलंय. बाकीच्यांनीही आधी ते वाचावं, मग आपापलं.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. चेहरा इतका तेलकट की दुपारी कॉलेजातून आली की कपाळ चकाकतं. दिवसातून सहा वेळा फेसवॉशने धुते. धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा होतो म्हणते, पण दोन तासांत पुन्हा तेच. कपाळावर बारीक पुळ्याही आहेत. लोक म्हणतात, फार धुतल्यामुळेच तेल वाढतं. खरं का? — एक आई, चिपळूण

ताई, तुम्ही सहज लिहून गेलात ते वाक्य मी दोनदा वाचलं. धुतला की ओढतो आणि दोन तासांत तेलकट. एकाच चेहऱ्यावर कोरडेपणा आणि तेलकटपणा असे एकत्र कसे नांदतात? कराडच्या माझ्या दवाखान्यात गेली एकतीस वर्षं हा प्रश्न येतोय. सुरुवातीला मी पाठ्यपुस्तकातली वाक्यं बोलायचे आणि समोरचा माणूस माझ्या डोक्यावरच्या कॅलेंडरकडे बघत बसायचा. एकदा नातीला घेऊन आलेल्या एका आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘म्हंजी तेल निराळं आन् तूप निराळं.’ तेव्हापासून मी तेच शब्द वापरते.

तेल म्हणजे सीबम. केसाच्या मुळाशी चिकटलेल्या तैलग्रंथीतून येतं ते. घाम पाझरतो तसं हे पाझरत नाही. ग्रंथीतली पेशी आतून तेलाने भरत जाते, फुगते आणि शेवटी फुटते. म्हणजे पेशी स्वतःच तेल होऊन बाहेर पडते. या सगळ्याला दोन-तीन आठवडे लागतात, आणि अशा पेशींची रांग कायम लागलेली असते. कपाळ, नाक, हनुवटी आणि टाळू इथे चौरस सेंटिमीटरला 400 ते 900 ग्रंथी असतात. हातापायांवर शंभराच्या आत. तळहात-तळपायांना एकही नाही. या तेलात एक आम्ल असं आहे की प्राण्यांमध्ये ते जवळजवळ फक्त माणसाच्याच अंगावर सापडतं. त्याचं नावही ‘होमो सेपियन्स’वरून ठेवलंय, सॅपिएनिक आम्ल. तुमच्या लेकीला हे सांगा. कपाळ पुसताना निदान हसू तरी येईल.

तूप वेगळं. त्वचेचा सगळ्यात वरचा थर वहीच्या पानापेक्षाही पातळ असतो. त्यात मेलेल्या चपट्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि विटांच्या मध्ये जो चुना भरलेला असतो तो स्निग्ध. त्यात निम्मं सेरामाइड, साधारण पाव हिस्सा कोलेस्टेरॉल आणि बाकी मेदाम्लं. होय, रक्ताच्या रिपोर्टात ज्याला आपण घाबरतो तेच कोलेस्टेरॉल इथे घर सांभाळत बसलेलं असतं. अंगातलं पाणी उडून जाऊ न देणं हे मुख्यतः या तुपाचं काम. वरच्या तेलाचा त्यात हातभार आहे, पण थोडाच.

आता फेसवॉश येतो. त्याला तेल आणि तूप यातला फरक कळत नाही. पृष्ठभागावरचं तेल तर तो नेतोच, पण दिवसातून सहा वेळा आला की विटांमधलं तूपही खरवडून नेतो. ग्रंथी आपलं तेल काही तासांत पुन्हा पसरवते. भिंतीचं तूप मात्र नव्याने मळून भरायला तरुण त्वचेलासुद्धा दोन-तीन दिवस लागतात, आणि तुमची मुलगी भिंतीला तेवढा वेळच देत नाही. म्हणून वरून चकाकी आणि खालून ताण. तेलही गेलं, तूपही गेलं म्हणतात ना, त्यातलं तेल तेवढं परत आलं!

लोकांचं म्हणणं मात्र चुकीचं आहे. धुतल्यामुळे ग्रंथी चिडून जास्त तेल सोडते असं नसतं. तुम्ही चेहरा धुतलात की नाही याचा तिला पत्ताच नसतो. ती ऐकते फक्त संप्रेरकांचं, मुख्यतः अँड्रोजेन या पुरुषी संप्रेरकाचं. ते मुलींच्या शरीरातही असतं, आणि या वयात ग्रंथी त्याला फार लवकर ओ देतात. थोडी उन्हाचीही भर. त्वचेचं तापमान एक अंशाने वाढलं तर तेल साधारण 10 टक्क्यांनी जास्त सुटतं. चिपळूणच्या एप्रिल-मे महिन्यात काय होत असेल ते मी सांगायला नको.

तेव्हा चेहरा दोनदा धुवायचा, सकाळी आणि घरी आल्यावर. सौम्य क्लीन्झर, कोमट नाहीतर साधं पाणी, हाताची बोटं. ब्रश नको, अक्रोडाच्या कणांचा स्क्रब नको. मधल्या वेळात चकाकी आली तर सुती रुमालाने टिपायची. धुतल्यावर तेलविरहित हलकं लोशन लावायचं. तेलकट चेहऱ्याला लोशन हे ऐकून मुली माझ्याकडे संशयाने बघतात, पण ते भिंतीसाठी आहे. लिंबू अजिबात नको. लिंबू लावून उन्हात गेलेल्या मुलींच्या गालांवर भाजल्यासारखे डाग मी पाहिलेत आणि ते जायला महिने लागलेत. टूथपेस्ट नको. मेडिकलवाल्याने ‘पुळ्यांवर चांगली आहे’ म्हणून दिलेली ट्यूबसुद्धा नको, कारण तिच्यात बरेचदा स्टेरॉइड निघतं.

आणि कपाळावरच्या पुळ्या. तुम्ही पाठवलेल्या फोटोत त्या सगळ्या केसांच्या कडेने आहेत, गाल स्वच्छ आहेत. वेणीही चापूनचोपून दिसतेय. रोज सकाळी खोबरेल लावून मग कॉलेजात, बरोबर? ते तेल ओघळून कपाळावर येतं आणि रंध्रं बुजवतं. खोबरेल केसांना चांगलंच आहे, ते केसाच्या आत शिरतं आणि केस धुताना होणारी झीज कमी करतं. पण ते केसांच्या लांबीला लावा, धुण्याच्या तासभर आधी लावा, आणि मग धुऊन टाका. डोक्यात कोंडा असेल तर टाळूला तेल थापून रात्रभर ठेवू नका. कोंड्यामागची बुरशी चरबीवरच जगते, आपण तिला ताट वाढून देतो.

दोन महिन्यांत फरक पडला नाही तर जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. रात्री लावायची मलमं मिळतात, त्यांचा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत सोडून देऊ नका. पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

प्रश्न : वय 74, निवृत्त शिक्षक. दरवर्षी नोव्हेंबर ते फेब्रुवारी दोन्ही नडग्यांना रात्री भयंकर खाज सुटते. कातडीवर माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे आणि मध्ये लाल रेघा. जंतू असावेत म्हणून औषधी साबण लावून कढत पाण्याने, दोडक्याच्या जाळीने खसाखसा घासतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. — एक वाचक, नागपूर

सर, जाळी आधी कुंडीत टाका.

तुमच्या नडगीवर जंतू नाहीत. तिथे मुळातच तैलग्रंथी थोड्या असतात, म्हणून थंडीत सगळ्यात आधी नडगी बोलते. पुरुषांच्या ग्रंथी सत्तरीपर्यंत बऱ्यापैकी काम करतात (बायकांच्या पाळी गेल्यानंतर मंदावतात, हेही इथेच सांगून टाकते). पण तुमचा खरा प्रश्न तुपाचा आहे. जी भिंत तुमच्या नातवाची त्वचा दोन-तीन दिवसांत लिंपते, तिला तुमच्या वयात आठवडासुद्धा लागतो. आणि तुम्ही ती रोज सकाळी पाडताय! त्यात नागपूरची कोरडी थंडी. ज्या लाल रेघा तुम्हाला दिसतात त्या म्हणजे आटलेल्या तळ्याच्या तळाला पडतात तशा भेगा. कढत पाण्याने बरं वाटतं, कारण भाजल्याच्या जाणिवेखाली खाज तेवढ्यापुरती दबते. अर्ध्या तासात ती दामदुपटीने वसूल होते.

हे मला पुस्तकातून कळलं त्याआधी घरात कळलं. माझे वडील बंबातलं वाफाळतं पाणी घ्यायचे. साबण बंद करा म्हटलं तर म्हणाले, ‘मग अंघोळ केल्यासारखं वाटत नाही.’ शेवटी तह झाला. साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना, बाकी अंगाला नुसतं पाणी. तुम्हीही तोच तह करा. पाणी कोमट, पाच-सात मिनिटांत अंघोळ उरकायची, पंचाने अंग टिपायचं, रगडायचं नाही. आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, नडग्यांना पेट्रोलियम जेली.

ओलसर असतानाच का, तर जेली किंवा तेल स्वतः पाणी देत नाही, असलेलं पाणी कोंडून ठेवतं. कोरड्या नडगीला चोळलंत तर कोंडायला काही उरलेलंच नसतं. महागड्या डब्यांच्या मागे लागू नका. ही जेली अमेरिकेतल्या तेलविहिरींवरची. तिथे पंपाच्या दांड्यांवर एक मेणचट थर साचायचा आणि कामगार तो कापल्या-भाजल्यावर लावायचे. चेसब्रो नावाच्या रसायनज्ञाने ते पाहिलं, तो थर शुद्ध केला आणि 1872 मध्ये पेटंट घेतलं. दीडशे वर्षं झाली, पाणी कोंडून धरायला तिच्यापेक्षा सरस गोष्ट मला तरी माहीत नाही. एकच सांगते, ती पलंगावर बसून लावा आणि तळपायांना लावून न्हाणीघरात जाऊ नका. घसरून खुब्याचं हाड मोडलेले पेशंट मी खाजेच्या पेशंटइतकेच पाहिलेत.

दहा-बारा दिवसांत उतार पडायला हवा. नाही पडला, किंवा सगळ्या अंगाला खाज असली, तर साखर, थायरॉइड आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून घ्या. आणि घरातल्या इतरांनाही रात्री खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यात पुळ्या असतील, तर ती खरूज. तिला जेलीने काही होत नाही.

प्रश्न : बाळ दीड महिन्याचं. मालिशला सासूबाई करडईचं तेल म्हणतात, आई खोबरेल, आणि माझी मैत्रीण ऑलिव्ह ऑइल. मालिशवाल्या मावशी डाळीच्या पिठाने लव काढतात, बाळ रडतं. कुणाचं ऐकू? — एक नवी आई, सोलापूर

सासूबाईंचं. तुम्हाला हे उत्तर आवडलं नसेल तर माफ करा, पण सोलापूरला बसून करडई सोडून ऑलिव्ह आणायचं म्हणजे कमालच.

त्वचेचं तूप बनायला लिनोलेइक नावाचं मेदाम्ल लागतं. ते शरीराला स्वतः तयार करता येत नाही, बाहेरूनच मिळावं लागतं. पारंपरिक करडईच्या तेलात ते तीन चतुर्थांशाच्या आसपास असतं. सूर्यफुलातही भरपूर. ढाक्यातल्या रुग्णालयात वेळेआधी जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाच्या तेलाने मालिश केली, तेव्हा त्यांच्यातले जंतुसंसर्ग कमी झाले. ते निष्कर्ष 2005 साली प्रसिद्ध झाले. कातडीची भिंत पक्की तर जंतूंना दार नाही, असा त्याचा साधा अर्थ. ऑलिव्हमध्ये दुसरंच आम्ल जास्त, ओलेइक. ते भिंतीतल्या चुन्यात घुसून तो सैल करतं. खाण्यात उत्तम, बाळाच्या अंगाला नको. आईचं खोबरेलही चालेल, त्यांना तसं कळवा म्हणजे घरात शांतता राहील. तेल कुठलंही असो, ताजं हवं. खवट वास आला की ते फोडणीलाही नको आणि बाळालाही नको.

पीठ मात्र आजपासून बंद. ती लव आपोआप झडते. पिठाने ती निघत नाही, कातडीला ओरखडे तेवढे पडतात. बाळ रडतं ते उगीच नाही. मावशींना नाकात, कानात, बेंबीत तेल सोडू देऊ नका. नाकातलं तेल फुप्फुसात उतरलं तर ते काढता येत नाही.

टाळूवर पिवळट खपल्या दिसल्या तर घाबरू नका. आईच्या संप्रेरकांमुळे जन्मल्यावर काही महिने बाळाच्या तैलग्रंथी जोरात चालतात, मग मंदावतात आणि थेट शाळकरी वयात पुन्हा जाग्या होतात. खपलीला थोडं तेल लावून ठेवायचं, तासाभराने मऊ कंगव्याने काढायची आणि डोकं धुवायचं. नखाने नाही. जन्मताना अंगावर जो पांढरा लोण्यासारखा थर असतो, तोही बाळ पोटात असताना याच ग्रंथींच्या हातभाराने बनलेला. पूर्वी आम्ही तो घाईघाईने पुसायचो. आता जागतिक आरोग्य संघटना पहिली अंघोळ निदान 24 तास लांबवायला सांगते. तुमची वेळ गेली, पुढच्या खेपेला लक्षात असू द्या.

आणि धुरी? तेल-तुपाच्या म्हणीत शेवटी जे हाती येतं ते धुपाटणं बाळाच्या खोलीपासून लांबच ठेवा. ओवा असो की वावडिंग, धूर तो धूर.

प्रश्न : गेल्या अंकात तुम्ही उटण्याला ‘हौसेचा भाग’ म्हणालात. मी 68 वर्षांची आहे. माझी आजी नव्वद वर्षं जगली, अंगाला साबण लावला नाही, आणि तिची कातडी शेवटपर्यंत मऊ होती. आमच्या घरी अजून नागरमोथा, वाळा, आंबेहळद, कपूरकाचरी, गव्हला आणून घरी कुटतात. डॉक्टर झालात म्हणून काहीही लिहावं का? — एक वाचक, सांगली

नाही, लिहू नये. घाईत लिहिलं, आणि तुमचं पत्र वाचून गेला अंक पुन्हा काढून पाहिला. तो शब्द उद्धट होता.

आजींचं गणित बरोबर होतं. साबण तेलाला पाण्यात मिसळवून नेतो, आणि साबणाचा स्वभाव अल्कधर्मी. त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आंबट की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) पाचाच्या आसपास, साबणाचा नऊ ते दहा. नुसतं तूप जातं असं नाही, जे आहे ते नीट रचणारी यंत्रणाही या अल्काने बिघडते, कारण तिला आंबटपणा लागतो. उटणं तसं करत नाही. ते वरचं जादा तेल शोषून घेतं आणि सोबत मेलेल्या पेशी खरडून नेतं. त्याच्याआधी अभ्यंग झालेलं असतं, म्हणजे उटण्याच्या वाट्याला मुख्यतः बाहेरून लावलेलं तेल येतं, आतलं तूप शाबूत राहतं. आधी तेल, मग उटणं, मग ऊन पाणी, हा क्रम ज्या कुणी लावला त्याला किंवा तिला, बहुधा तिलाच, त्वचा कळत होती.

पण मी जे पाहते तेही ऐका. नरकचतुर्दशीला पहाटे तेल, उटणं, आणि त्यावर ‘दिवाळीचा’ म्हणून आणलेला चंदनाचा साबण दोनदा. वास येईपर्यंत! मग आठवडाभराने खाज घेऊन दवाखान्यात. शिवाय बाजारच्या पुडीत सुगंध आणि रंग किती, कचोरा किती, हे पुडीलाच ठाऊक. कुटलेली वनस्पती म्हणजे निरुपद्रवी असंही नाही. दरवर्षी दोघी-तिघी तरी मानेवर पुरळ घेऊन येतात. पुळ्या असलेल्या चेहऱ्याला उटणं चोळू नये, हे माझं म्हणणं कायम आहे. तुमच्या घरचं कुटलेलं असेल तर मात्र एक पुडी नमुन्यादाखल पाठवा. तपासणीसाठी, असं समजा.

प्रश्न : माझं किराणा दुकान आहे. गिऱ्हाइकं हल्ली साबणावरचं टीएफएम बघतात. जास्त टीएफएम म्हणजे कातडीला चांगला, हे खरं का? — एक दुकानदार, लातूर

अर्धं खरं. टीएफएम म्हणजे साबणात एकूण मेदाचा वाटा किती. मानक संस्थेच्या प्रतवारीत ग्रेड 1 ला किमान 76 टक्के, ग्रेड 2 ला 70, ग्रेड 3 ला 60. वेष्टनावर ‘बेदिंग बार’ लिहिलं असेल तर तो यात बसतच नाही, त्याला 40 सुद्धा चालतं. टीएफएम जास्त असला की भरताड कमी, साबण कमी झिजतो, गिऱ्हाइकाचे पैसे वसूल. पण 76 टक्क्यांचा झाला तरी तो साबणच, आणि अल्कधर्मी तो अल्कधर्मीच.

ज्यांची कातडी खरंच कोरडी आहे त्यांना सिंडेट नावाचा प्रकार दाखवा. दिसतो वडीसारखा, पण त्यात साबण नसतो किंवा नावापुरता असतो. सामू त्वचेच्या जवळ. महाग आहे आणि ओला राहिला की विरघळतो, हेही सांगा, नाहीतर परत आणून देतील. तुमच्याकडे बोअरचं पाणी जड असतं. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून लोक आणखी साबण लावतात, आणि पाण्यातल्या चुन्याशी साबण मिळून जो चिकट साका होतो तो अंगावरच राहतो. बादलीच्या कडेला पांढरं वलय दिसतं ना, तोच. सिंडेटचा तसा साका होत नाही. लातुरात त्याचा खरा उपयोग हा.

प्रश्न : वय 29, आयटीत. दर दोन महिन्यांनी रांजणवाडी येते आणि संध्याकाळी डोळे चुरचुरतात. हा त्वचेचा विषय नाही, तरी विचारतो. — एक वाचक, पुणे

आहे की. पापणीच्या कडेला याच जातीच्या ग्रंथी असतात, वरच्या पापणीत 25 ते 40, खालच्या पापणीत 20 ते 30. त्या अश्रूंवर तेलाचा पातळ पापुद्रा पसरतात म्हणून अश्रू उडून जात नाहीत. डोळा मिटला की त्या दाबल्या जातात आणि तेल बाहेर येतं. स्क्रीनकडे बघताना आपण डोळे मिटायचंच विसरतो. तेल आत थिजतं, तोंड बुजतं, सुजलं की झाली रांजणवाडी. स्वच्छ फडका कोमट पाण्यात पिळून मिटल्या डोळ्यांवर आठ-दहा मिनिटं, रोज. मग बोटाने पापणी कडेच्या दिशेने हलकेच दाबायची. एसीचा झोत तोंडावर घेऊ नका. फोडायचा प्रयत्न तर मुळीच नको. एवढं करूनही येत राहिली तर नेत्रतज्ज्ञांकडे जा, आणि जाताना साखर तपासून जा.

प्रश्न : टाचांना इतक्या भेगा की चादरीत अडकतात. शेतात अनवाणी वावर. क्रीम लावून थकले. आई मुठेल लाव म्हणते. लावू का? — एक वाचक, मालवण

लावा. तळपायाला तैलग्रंथी नाहीतच हे वर लिहिलंय, म्हणजे टाचेचा सगळा भार एकट्या तुपावर. त्यात चालताना वजनाने टाच पसरते, आणि कातडी जाड, कोरडी असली की ती ताणली न जाता फुटते. कोकमाच्या बियांचं मुठेल साध्या तापमानाला घट्ट राहतं आणि अंगाच्या उबेला जेमतेम मऊ होतं, त्यामुळे खोबरेलासारखं ओघळून जात नाही, भेगेत बसून राहतं.

नुसतं चोळू नका मात्र. रात्री कोमट पाण्यात पाय पंधरा मिनिटं बुडवा, भिजलेली जाड कातडी वजरीने हलकेच घासा, ब्लेडने कापू नका. पाय टिपा. चमच्यात मुठेल विरघळवून, हाताला सोसेल इतपत कोमट झालं की भेगांत भरा आणि वर जुने सुती मोजे. टाच फारच जाड असेल तर मेडिकलमध्ये युरिया असलेलं मलम मिळतं. ते आधी आठवडाभर लावा, मग मुठेलावर या. भेगेतून रक्त येत असेल तर युरिया झोंबेल, तोवर थांबा. मधुमेह असेल तर यातलं काहीही करण्याआधी पाय डॉक्टरांना दाखवा. आणि शेतात निदान रबरी चपला घाला. चिखलात घालता येत नाहीत हे ठाऊक आहे मला, पण बांधावर तरी.

तुमची आई मुठेल घरी काढते का, तेही कळवा. बिया फोडून, कुटून, पाण्यात उकळून वरचा तवंग काढायचा, हे मी लहानपणी आजोळी पाहिलंय, पण पाणी किती आणि आच किती ते आता सांगणारं कुणी उरलं नाही. गेल्या खेपेला मालवणच्या बाजारातून आणलेला माझा गोळा संपत आलाय.